पालिकेचे संकेतस्थळ : सूचना फलक की दप्तर?

विरार पूर्वेकडील रमाबाई अपार्टमेंट या इमारतीचा भाग २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री कोसळला आणि १७ जणांचे प्राण गेले. ही इमारत अनधिकृत होती. त्याच वर्षाच्या आरंभी नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्याचे काम पूर्ण झाले आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. या दोन्ही घटनांनंतर अनधिकृत बांधकामे करणारे आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणारी यंत्रणा यांच्यावर बरीच टीका झाली व ती रास्तच होती. मात्र एक साधा प्रश्न मागेच राहिला. आयुष्याची पुंजी घरात घालणाऱ्या माणसाला त्या इमारतीची परवानगी खरी की खोटी, हे स्वतः तपासता येते काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. बनावट शिक्के व बनावट बांधकाम परवानग्या तयार करून इमारती उभारल्याचे प्रकरण विरार पोलिसांनी २०२३ मध्ये उघडकीस आणले. त्यात ५५ इमारतींची कागदपत्रे बनावट असल्याचे समोर आले. त्याआधी २०२२ मध्ये कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविल्याचे प्रकरण गाजले होते. त्यानंतर २०२३ मध्ये राज्य सरकारने बांधकाम परवाने व भोगवटा प्रमाणपत्रे संकेतस्थळावर टाकण्याचे आणि ती माहिती महारेराच्या प्रणालीशी जोडण्याचे निर्देश स्थानिक स्वराज्य संस्थांना दिले. निर्देशामागील विचार सरळ होता. खरा कागद सर्वांना सहज पाहता आला, तर खोटा कागद खपणे अवघड होईल. पण कागद संकेतस्थळावर 'टाकणे' आणि तो नागरिकाला 'सापडणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर बऱ्याच अंशी संकेतस्थळ चालविणाऱ्या संगणकप्रणालीत दडलेले असते.

बातमीसाठी घडलेले साधन

संकेतस्थळे सुरू झाली त्या काळात प्रत्येक पान संगणक जाणकाराला हाताने रचावे लागे. एखादी निविदा सूचना बदलायची तरी कंत्राटदाराची वाट पाहावी लागे. 'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालींनी ही अडचण दूर केली. २००१ मध्ये ड्रुपल आणि २००३ मध्ये वर्डप्रेस आले. चौकटीत मजकूर भरावा, धारिका जोडावी, बटण दाबावे आणि पान तयार व्हावे, इतके काम सोपे झाले. कार्यालयातील लिपिकालाही ते जमू लागले.

तथापि, वर्डप्रेससारखी साधने मुळात ब्लॉगलेखनासाठी घडली. त्यांचा स्वभाव 'नवे वर, जुने खाली' असा आहे. वृत्तपत्राला हे सोयीचे असले तरी सरकारी दप्तराला ते मारक ठरते. सहा वर्षांपूर्वीचा परवाना आज घर घेणाऱ्यासाठी कालच्या सूचनेइतकाच महत्त्वाचा असतो. शिवाय अशी प्रणाली वेगळी रचना करून घेतली नाही, तर शीर्षक व धारिका यापलीकडे फारसे काही मागत नाही. परवान्याचा क्रमांक, तारीख, गाव, प्रभाग, सर्व्हे नंबर हे रकाने सक्तीचे नसले, की ते रिकामे राहतात. मग कागदाची छापील प्रत काढून, तीवर सही घेऊन, ती स्कॅन करून चढविली जाते. संगणकाच्या दृष्टीने ते निव्वळ छायाचित्र असते. त्यात नाव शोधता येत नाही आणि दृष्टिहीन नागरिकाचे वाचन सॉफ्टवेअरही ते वाचू शकत नाही.

येथे लिपिकाला दोष देणे सोपे आहे. परंतु इंग्रजी पडदा, मध्येच तुटणारी जोडणी, मोठी धारिका न स्वीकारणारी चौकट आणि वरिष्ठांचा 'आजच टाका' हा आदेश यांत सापडलेला कर्मचारी सर्वांत जवळची वाट धरणारच. चुकीची वाट सर्वांत सोपी ठेवणारी रचना हाच प्रणालीचा खरा दोष होय.

आकड्यांचा घोळ

मराठीने या अडचणीत आणखी भर घातली आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी सरकारी कार्यालयांत निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट वापरले जात. त्या काळातील मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण शोधू किंवा उतरवू गेल्यास अर्थहीन चिन्हे हाती येतात. केंद्र सरकारने २००९ मध्ये भारतीय भाषांसाठी युनिकोड हे मानक ठरविले. तरीही प्रश्न पुरता मिटला नाही. देवनागरी आकड्यांत लिहिलेला सर्व्हे नंबर इंग्रजी आकडे टंकून शोधला, तर तशी खास तजवीज नसल्यास प्रणाली 'काहीही आढळले नाही' असे उत्तर देते. घर घेऊ पाहणारा त्यावरून नोंदच नाही असे समजतो, किंवा कंटाळून बिल्डरच्या शब्दावर विसंबतो.

वसई-विरारसारख्या शहरात ही बाब अधिक गंभीर आहे. चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी ही महानगरपालिका स्थापन झाली. त्यापूर्वी १९९० पासून या उपप्रदेशाचे नियोजन सिडकोकडे होते. साहजिकच जुन्या इमारतीचा कागद ग्रामपंचायतीचा, नगरपरिषदेचा, सिडकोचा की महापालिकेचा, हेच सामान्य माणसाला ठाऊक नसते. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदविलेल्या या शहरात एकसंध, शोधता येणारे दप्तर ही चैन नसून गरज आहे.

देखभाल कोणाची?

प्रणाली एकदा बसविली की काम संपले, हा आणखी एक भ्रम. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमध्ये गंभीर त्रुटी आढळली. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात तासांत ती न बसविलेली संकेतस्थळे घुसखोरीला बळी पडली असे समजावे, असा इशारा तेव्हा ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने दिला होता. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. ६ एप्रिल २०१८ रोजी संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर चिनी अक्षर दिसताच देशभर खळबळ उडाली. ते अक्षर ड्रुपलच्या 'झेन' नावाच्या साच्याचे बोधचिन्ह होते आणि बिघाड यंत्रसामग्रीचा असल्याचा खुलासा पुढे झाला. आपले संकेतस्थळ कशावर उभे आहे, हे चालविणाऱ्यांनाच नेमके माहीत नसले की असा गोंधळ उडतो.

दर काही वर्षांनी कंत्राटदार बदलतो, नवी सजावट होते आणि जुन्या पानांचे दुवे तुटतात. कार्यालयाच्या दृष्टीने संकेतस्थळ 'अद्ययावत' झालेले असते, पण नागरिकाच्या दृष्टीने दप्तराचा एक गठ्ठा गहाळ झालेला असतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेत संकेतस्थळाला स्थान दिले, हे स्वागतार्हच होते. परंतु मुखपृष्ठ किती देखणे आहे यावरून गुणांकन करून भागणार नाही.

कायदा आहे, कसोटी हवी

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अभिलेखांची सूची व अनुक्रमणी करून ते संगणकावर उपलब्ध ठेवण्यास सांगते. माहिती मागावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात शोधूनही न सापडणाऱ्या कागदासाठी नागरिक दहा रुपयांचा अर्ज करतो आणि ३० दिवस थांबतो. घराचा सौदा मात्र तितके दिवस थांबत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. परवान्याचा क्रमांक, तारीख, गाव व सर्व्हे नंबर भरल्याखेरीज धारिका स्वीकारलीच जाऊ नये. स्कॅनसोबत युनिकोड मजकूर असावा आणि शोध दोन्ही आकड्यांत चालावा. प्रत्येक परवान्याचा दुवा कायम राहावा. कंत्राट संपताना सर्व नोंदी वापरता येतील अशा स्वरूपात परत देण्याची अट करारात असावी. प्रत्येक पानाला जबाबदार अधिकारी असावा. आणि प्रणाली स्वीकारण्यापूर्वी एखाद्या अनोळखी नागरिकाला संगणकापुढे बसवून एक परवाना शोधायला सांगावे.

तो त्याला पाच मिनिटांत सापडला, तर ते दप्तर. न सापडला, तर कितीही खर्च केला असला तरी तो केवळ सूचना फलक. आणि फलक वाचून घर विकत घेण्याची जोखीम किती मोठी असते, हे वसई-विरारइतके दुसऱ्या कोणत्या शहराला सांगावे लागेल?