तुटतं कुठे, ते आधी सांगा

कार्बन नॅनोट्यूबचा विषय निघाला की कुणीतरी "पोलादापेक्षा शंभरपट मजबूत" हे वाक्य फेकतंच. १९९१ साली सुमिओ इजिमांचा शोधनिबंध आला, तेव्हापासून हे कौतुक चालू आहे. एकट्या नळीपुरतं, वजनाच्या मानाने, ते फारसं चुकीचंही नाही. पण मंडळी, वस्तू किती मजबूत यापेक्षा ती तुटते कुठे, हे आधी विचारायला हवं.

कार्बन फायबरचं कॉम्पोझिट म्हणजे धाग्यांचे थर आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी. धाग्याच्या दिशेने ओढलं तर ते दाद देत नाही. पण दोन थरांच्या मध्ये नुसतं इपॉक्सी असतं. दणका बसला की घडीच्या पोळीसारखे आतले पदर सुटतात, आणि वरून काही दिसतही नाही! नॅनोट्यूबचं खरं काम तिथे आहे. चिरेच्या दोन्ही काठांना त्या टाक्यांसारख्या धरून ठेवतात. मात्र नीट पसरल्या पाहिजेत. गुठळ्या झाल्या तर तिथूनच चीर सुरू होते, आणि जास्त घातल्या तर इपॉक्सी इतकं दाट होतं की धाग्यांत मुरत नाही. (आपल्याकडेही बग बहुतेक वेळा दोन मॉड्यूलच्या सांध्यातच निघतो ना? :) )

हा प्रश्न आधी विचारल्याचं उत्तम उदाहरण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. नाशिक हायवेने आंबेगाव तालुक्यातलं मंचर मागे टाकलं की जुन्नरमधलं नारायणगाव, आणि तिथून आत खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढी डिश भरीव पत्र्याची केली तर वाराच तिला छळणार. मग सांगाडा अवजड आणि खर्च अफाट. गोविंद स्वरूप यांच्या चमूने भारी मटेरियल शोधलं नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांनी ताणली आणि वारा आरपार जाऊ दिला. तिथल्या लहरी किमान २० सेंटिमीटर लांबीच्या. एक-दोन सेंटिमीटरची भोकं त्यांच्या खिजगणतीत नाहीत.

चिलीतल्या आल्मा दुर्बिणीला ही जाळी चालली नसती. तिच्या लहरी मिलिमीटरच्या, म्हणून पृष्ठभाग केसाच्या जाडीहून अचूक हवा. तिथे डिशमागच्या सांगाड्यात कार्बन फायबर आहे, कारण ऊन-थंडीत ते आकार फारसा बदलत नाही. तिथे तो खर्च योग्यच.

आपल्याकडे स्वस्त म्हणजे तडजोड आणि 'नॅनो' म्हणजे प्रगती, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. रॅकेटवर किंवा सायकलच्या फ्रेमवर 'नॅनो' लिहिलेलं दिसलं तर दुकानदाराला सरळ विचारा, की हे नेमकं कुठे तुटत होतं? धड उत्तर मिळालं तरच जास्तीचे पैसे मोजा.