त्रास एकीकडे, धोका दुसरीकडे

लांबच्या प्रवासाला निघताना सकाळचा चहा टाळणारे, एसटीत दाराजवळची जागा धरणारे आणि लग्नाच्या कार्यालयात शिरल्या शिरल्या बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवणारे गृहस्थ तुमच्या ओळखीत असतील. कदाचित ते तुम्हीच असाल. रात्री तीन-चारदा उठायचं, बायकोची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता चाचपडत जायचं, तिथे पोचल्यावर धार सुरू होण्याची वाट बघत उभं राहायचं, आणि कुणी विचारलंच तर ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटवायचा. शुगर किती आणि बीपी किती हे आपण पारावर बसून चारचौघांत सांगतो. लघवीचं मात्र घरातही सांगत नाही.

हे आवाहन अशा सगळ्यांसाठी आहे आणि सांगायचं ते एकच. प्रोस्टेटचा जो आजार सर्वांत जास्त छळतो तो सहसा जिवावर उठत नाही, आणि जो जिवावर उठू शकतो तो सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. म्हणून त्रास किती होतो यावरून घरच्या घरी निदान करू नका. उगाच घाबरू नका, आणि अंगावरही काढू नका.

असं का होतं, हे समजायला ग्रंथीची रचना माहीत हवी. प्रोस्टेटला मराठीत पौरुषग्रंथी म्हणतात. ती मूत्राशयाच्या खाली, अगदी त्याच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वीर्यातला पातळ द्रव बनवणं हे तिचं काम. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. डोळ्यांसमोर एक छोटं मोसंबं आणा. आत गर, बाहेर साल. लघवीची नळी गरातून जाते. वयाबरोबर वाढतो तो हा गर. कर्करोग मात्र बहुतेक वेळा सालीत सुरू होतो, नळीपासून लांब, गुदाशयाच्या बाजूला. गर वाढला की नळी दाबली जाते आणि लगेच कळतं. सालीत गाठ धरली तर नळीला बराच काळ त्याचा पत्ताही नसतो.

तीन आजार, एकच तक्रार

पहिला आजार सुजेचा. हा फक्त म्हातारपणाचा नाही, तिशी-चाळिशीतल्या पुरुषांनाही होतो. जंतुसंसर्गाने अचानक सूज आली तर थंडी वाजून ताप येतो, लघवीला आग होते, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखतं. आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं आणि धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं, अशी रीत आहे. पाणी खुशाल प्या, पण थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. संसर्ग रक्तात पसरू शकतो. दुसरा प्रकार रेंगाळणारा. महिनोन्‌महिने ओटीपोटात, जांघेत, वृषणात दुखत राहतं, बसलं की वाढतं, आणि तपासणीत जंतू सापडत नाहीत. जुनाट दुखण्याच्या बहुतेक रुग्णांची गत अशीच असते. त्यांना अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स देऊन फार काही साधत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करण्याचे व्यायाम, वेदना कमी करणारी औषधं, मनावरचा ताण हलका करणं, यांचा मेळ घालावा लागतो.

दुसरा आजार म्हणजे साधी वाढ, कर्करोग नसलेली. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ती दिसते, आणि पंच्याऐंशीपर्यंत दहांतल्या नऊ जणांच्या. म्हणजे केस पिकण्याइतकीच ती सर्रास आहे. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच थांबते, झाल्यावरही थेंब थेंब येतं, पुन्हा आलीच असं वाटतं, एकदा घाई लागली की थांबवत नाही. वाढ किती आणि त्रास किती, याचा मेळ मात्र बसत नाही. ३० ग्रॅमची ग्रंथी एखाद्याची वाट अडवते आणि ८० ग्रॅमचा दुसरा शांत झोपतो. सोनोग्राफीच्या कागदावर ‘प्रोस्टेट ग्रेड २’ असं वाचून अनेकांच्या तोंडचं पाणी पळतं. तो ग्रेड फक्त आकाराचा असतो. कर्करोगाची प्रत सोनोग्राफीत ठरत नाही, ती ग्रंथीचा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करून ठरते.

आणि ही साधी वाढ पुढे जाऊन कर्करोग होत नाही. मात्र ती आहे म्हणून कर्करोग होणारच नाही, असंही नाही. गर आणि साल दोन्ही एकाच फळात असतात.

तिसरा आजार कर्करोग. पन्नाशीआधी तो क्वचित होतो, वयाबरोबर वाढत जातो. वडिलांना किंवा भावाला झाला असेल तर शक्यता साधारण दुप्पट होते. घरातल्या बायकांना कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा; काही घराण्यांत एकच जनुकीय दोष दोन्हींच्या मुळाशी असतो. हा कर्करोग सुरुवातीला मुका असतो. पसरला तर बहुधा हाडांत जातो, आणि मग पाठ किंवा कंबर दुखते. साठीपुढच्या पुरुषाची नव्याने सुरू झालेली, रात्रीही न थांबणारी कंबरदुखी ‘वाताची’ म्हणून महिनोन्‌महिने शेकत बसू नये, ती यासाठीच.

वयानुसार असे तीन कप्पे पडत असले तरी त्यांच्या भिंती पक्क्या नाहीत. सत्तरीतल्या माणसालाही सूज येते. वाढीमुळे लघवी साचून राहिली की संसर्ग होतो, म्हणजे दुसऱ्या आजाराच्या पोटी पहिला जन्मतो. वाढ असलेल्या माणसाच्या सालीत कर्करोगही असू शकतो. शिवाय दोष प्रोस्टेटचा नसतानाही तक्रार तीच असते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा मंदावतात, अर्धांगवायू किंवा पार्किन्सनमध्ये मूत्राशयावरचा ताबा सुटतो, मुतखडा असतो, नाहीतर साधं बद्धकोष्ठ असतं. बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेतली तरी रात्रभर फेऱ्या होतात. पायांवर सूज असेल तर दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि लघवीवाटे निघतं. म्हणून मित्राला लागू पडलेली गोळी त्याच्या चिठ्ठीवर आणून खाऊ नका. तक्रार सारखी असली तरी आजार वेगळा असू शकतो.

पीएसएचा आकडा

आता ‘फुल बॉडी चेकअप’ची पाकिटं निघाली आहेत आणि त्यांत पीएसए असतंच. हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन आहे. ते कर्करोगाचं नाही, ग्रंथीचं आहे. ग्रंथी मोठी असली, सुजली, लघवीसाठी नळी घातली, आदल्या दोन दिवसांत वीर्यपतन झालं किंवा लांब सायकल चालवली, तरी आकडा चढतो. ४ ही रूढ सीमा धरली जाते, पण ती भिंत नाही. ४ ते १० मध्ये आकडा आलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो, आणि ४ च्या खाली आकडा असूनही कर्करोग सापडलेली माणसं आहेत. म्हणून एका आकड्यावर रडूही नका आणि पेढेही वाटू नका. संसर्ग झाला असेल तर तो बरा झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासा. आणि ग्रंथी लहान करणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. सहा महिन्यांत ती पीएसए साधारण निम्म्यावर आणते. कागदावरचा २ प्रत्यक्षात ४ असू शकतो.

मग तपासणी करावी की नाही? काही त्रास नसताना करायची असेल, तर पन्नाशीच्या पुढे, आणि घरात कर्करोगाचा इतिहास असेल तर पंचेचाळिशीच्या सुमारास, डॉक्टरांशी बोलून ठरवा. सत्तरीनंतर नुसती कुतूहलापोटी करू नका. कारण प्रोस्टेटचे अनेक कर्करोग इतके संथ असतात की माणूस दुसऱ्याच कशाने जातो आणि ती गाठ त्याच्यासोबत गुपचूप जाते. अशी गाठ शोधून, कापून, शेकून काढली तर लघवीवरचा ताबा आणि संबंधांची क्षमता जाण्याची शक्यता असते. संथ प्रतीचा कर्करोग सापडला तर अनेकदा लगेच ऑपरेशन न करता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि बायोप्सी करत त्याच्यावर नजर ठेवतात. ही डॉक्टरांची टाळाटाळ नव्हे, हा मान्य उपचार आहे. आणि पसरलेला निघाला तरी हात टेकायचं कारण नाही. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. ते संप्रेरक तोडणाऱ्या उपचारांनी आज कित्येक जण वर्षानुवर्षं हिंडते-फिरते राहतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी

तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता, किती पाणी किंवा चहा घेतला आणि किती वाजता, किती लघवी झाली, एवढंच लिहा. मोजायला घरातलं जुनं प्लास्टिकचं माप चालेल. रात्रीची लघवी चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली, तर दोष बहुधा नळीतल्या अडथळ्याचा नसून रात्री पाणी जास्त तयार होण्याचा आहे. ही एक वही कित्येकदा महागड्या तपासण्यांहून जास्त सांगते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. डॉक्टर सात प्रश्न विचारून त्रासाचे गुण काढतील, लघवी आणि क्रिएटिनिन तपासतील, सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर आत किती उरली ते पाहतील. गुदद्वारातून बोटाने तपासायचं म्हटलं तर नकार देऊ नका. मोसंब्याची साल हाताला लागते ती तिथूनच, आणि अर्ध्या मिनिटाचं काम असतं.

त्रास थोडा असेल तर संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी करणं, दारू सोडणं, पोट साफ ठेवणं एवढ्यानेही भागतं. नळी सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांचा गुण काही दिवसांत दिसतो. त्यांनी उठताना चक्कर येऊ शकते, तेव्हा बिछान्यावर क्षणभर बसून मग उभे राहा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. तिने बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडतो आणि ऑपरेशन अवघड होतं. ग्रंथी लहान करणाऱ्या गोळीला सहा महिने द्यावे लागतात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका.

ऑपरेशनची वेळ आली तर ते बहुधा दुर्बिणीतून होतं, पोट फाडावं लागत नाही. त्यात गर काढतात, साल तशीच राहते. म्हणून ऑपरेशननंतरही अधूनमधून तपासणी सोडायची नाही. आणखी एक गोष्ट विचारून घ्या, कारण अनेकांना ती नंतर कळते. या ऑपरेशननंतर वीर्य बाहेर न येता अनेकदा मूत्राशयात जातं. ते अपायकारक नाही आणि त्याचा अर्थ नपुंसकत्व असाही नाही. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा.

काही बाबतींत मात्र एक दिवसही थांबू नका. लघवी पूर्ण तुंबली आणि ओटीपोट फुगलं, लघवीतून रक्त गेलं, थंडी-तापासह लघवीला आग झाली, पायांतली ताकद अचानक गेली, तर थेट दवाखाना. रक्त न दुखता एकदाच गेलं आणि थांबलं, तरी दाखवा; विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, कारण मूत्राशयाचा कर्करोग असाच डोकावून जातो. सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. तिच्यातली नाक मोकळं करणारी आणि गुंगी आणणारी औषधं वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी एका रात्रीत तुंबवू शकतात. आणि नकळत, थेंब थेंब कपडे भिजत असतील तर ‘लघवी तर होतेय’ यावर समाधान मानू नका. भरून वाहणाऱ्या हौदाचंही पाणी सांडतंच. आत साचलेली लघवी मूत्रपिंडांवर उलटा दाब देते आणि दुखत काहीच नाही.

सुनांनो, मुलांनो, आबांनी लग्नाला यायचं टाळलं, प्रवासात पाणी प्यायचं सोडलं, तर तो हेकटपणा समजू नका. बाजूला घेऊन मुलाने किंवा जावयाने विचारावं. पुरुषाला पुरुषाशी हे बोलणं जरा सोपं जातं.

आणि आबा, आज रात्री उठाल तेव्हा दिवा लावा. अंधारात पडून खुबा मोडला तर प्रोस्टेटपेक्षा ते भारी पडेल. दिव्याने आजींना जाग आली तर येऊ द्या. ‘काय होतंय?’ असं त्यांनी विचारलं, की या वेळी ‘काही नाही’ म्हणू नका.