सायकल चालवून कॅन्सर जातो का?

जुम्म्याची नमाज झाली की बिलोलीत आम्ही चार-पाच जण चहाला थांबतो. परवा एकानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुणी माणूस लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे जमवत शेकडो किलोमीटर सायकल हाकत होता. बाकावर हशा पिकला. "सायकल चालवून कॅन्सर जातो का?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "पोट भरलेल्यांचे चोचले." मीही हसलो. घरी येईपर्यंत त्या हसण्याची लाज वाटायला लागली होती.

माझ्या खालाजाद बहिणीच्या मुलाला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. आधी ताप, मग हिरड्यांतून रक्त, गावातल्या गोळ्या, नांदेड, आणि शेवटी धर्माबादहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई. सहाशे किलोमीटरहून जास्त. पहिल्या काही महिन्यांच्या औषधानं पोरगा उभा राहिला, केस परत आले, गल्लीत क्रिकेट खेळायला लागला. हा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो, मधे सोडायचा नसतो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सोयाबीन काढणीला आलं होतं, घरात आणखी दोन लेकरं, मुंबईत राहायचं कुठं हा प्रश्न दर खेपेला नव्यानं. घरातली मोठी माणसं म्हणाली, "अब तो अच्छा है पोट्टा, फिर कायकू जाना?" असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. दोन खेपा चुकल्या, मग जाणंच थांबलं. आठ महिन्यांनी आजार उलटला आणि त्यानंतर औषधाला दाद देईना.

त्याचा फातिहा झाला तेव्हा सगळे म्हणाले, अल्लाहची मर्जी. असेल. पण त्या दोन खेपा आपण चुकवल्या होत्या.

आता ज्यांना आपण हसतो त्यांच्यातल्या एकाची गोष्ट. 1977 साली कॅनडातल्या टेरी फॉक्स या 18 वर्षांच्या पोराचा उजवा पाय हाडाच्या कॅन्सरमुळे गुडघ्याच्या वर कापावा लागला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, तुझी वाचण्याची शक्यता निम्मी आहे; दोन वर्षांपूर्वी हाच आजार झाला असता तर ती 15 टक्के असती. मधल्या काळात उपचार पुढे गेले होते, एवढाच फरक. वॉर्डात त्यानं आपल्याहून लहान मुलं झिजताना पाहिली. 12 एप्रिल 1980 ला अटलांटिकच्या काठावरून तो कृत्रिम पायावर धावत निघाला. रोज जवळपास 42 किलोमीटर, 143 दिवस, 5,373 किलोमीटर. 1 सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, कॅन्सर फुप्फुसात पोहोचला होता. 28 जून 1981 ला तो गेला, वय 22. देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर, एवढंच त्यानं मागितलं होतं. त्याच्या हयातीतच तो आकडा, 2 कोटी 40 लाख डॉलर, पार झाला. त्याच्या नावाची धाव पुढे देशोदेशी गेली. मुंबईतही झाली आणि तिथला पैसा टाटा मेमोरियलला गेला.

तेव्हा चहाच्या बाकावरच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही जात. टेरीचाही गेला नाही. तो स्वतःसाठी धावतच नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लोक म्हणतात, पेशंटला पैसे द्या ना, संशोधनाला कशाला? संशोधन श्रीमंत देशांनी करावं. मोठी चूक आहे ही. 1970 च्या दशकात मुलांच्या या रक्ताच्या कॅन्सरपुढे आपली मोठमोठी रुग्णालयंसुद्धा हतबल होती. 1980 च्या दशकात मुंबईचं टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी एकच उपचारपद्धत धरली. एमसीपी-841 तिचं नाव. कोणतं औषध, किती, कोणत्या दिवशी, हे ठरलेलं. प्रत्येक मुलाचं पुढं काय झालं ते लिहून ठेवायचं. सोबत रक्ताची, जंतुसंसर्गाची काळजीही सुधारत गेली. चार वर्षं आजार न उलटता जगणाऱ्या मुलांचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आतून 45 ते 60 टक्क्यांवर आलं. संशोधन म्हणतात ते हे. काचेच्या नळ्या त्यात असतातच, पण त्याहून जास्त वह्या असतात, आकडे असतात, आणि पुढच्या खेपेला न आलेल्या मुलाच्या घरी फोन करणारा माणूस असतो. त्या माणसाचा पगार कुठून येतो, हे आपण कधी विचारलंय?

आणि श्रीमंत देशांचं म्हणाल, तर 1948 साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ज्या औषधानं पहिल्यांदा काही मुलांचा रक्ताचा कॅन्सर थोडा काळ थोपवला, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेतून आलं होतं. आंध्रातल्या भीमवरमचा माणूस. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही देतात. माझ्या भाच्यालाही दिलं होतं.

जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त वाचतात, कित्येक गरीब देशांत 30 टक्केही नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे अंतर का, याचं सगळं उत्तर अमेरिकेत सापडणार नाही. कुपोषित पोराला तेवढाच डोस झेपतो का? आईबाप उपचार मधेच का सोडतात? राहण्याजेवणाची सोय लावली की ही गळती कमी होते, हे टाटामध्ये दिसून आलं आहे. बार्शीत 1987 पासून खेड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, तेही संशोधनच. हे प्रश्न बिलोलीचे आहेत. ते दुसऱ्या कुणी आपल्यासाठी सोडवावेत ही अपेक्षा म्हणजे निव्वळ फुकटेपणा.

मशिदीत मी हा विषय काढला तेव्हा जकातीचा मुद्दा आला. जकातीची रक्कम गरिबाच्या मालकीची व्हावी लागते, ती संस्थेच्या संशोधनात घालता येईल का, ही मौलानांची शंका रास्त आहे. मग जकात पेशंटला द्या. सदका आहे, लिल्लाह आहे, सदका-ए-जारिया कशाला म्हणतात? जलशाचा मंडप, रोषणाई, लाउडस्पीकर यांच्या चंद्याला कुणी शंका काढत नाही. इलाजाबद्दलची ती मशहूर हदीस तर दर बयानात येते. इलाज आहे, कबूल. तो शोधायचा कुणी?

मॅरेथॉनवाल्यांनाही मी सोडणार नाही. छापील टी-शर्ट, नेत्याचा हिरवा झेंडा, पेपरात फोटो, आणि किती जमले, कुठं गेले याचा पत्ता नाही, असे कार्यक्रम आपल्या जिल्ह्यांत कमी होत नाहीत. टेरीनं जाहिरातदारांना दारात उभं केलं नव्हतं. त्याच्या नावाच्या धावेत आजही पहिला-दुसरा नंबर नसतो. हिशेब मागायचा असेल तर जरूर मागा, पण पैसे देऊन मागा. न देणाऱ्यालाच हिशेबाची घाई जास्त असते.

चालणं तर या मुलखाला शिकवावं लागत नाही. इथले लोक पंढरीला पायी जातात, कंधारच्या उरुसाला पायी जातात. बिलोली ते नांदेड सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तीन दिवसांत जमेल. वाटेतल्या प्रत्येक गावात घरटी दहा रुपये मागायचे, रोज रात्री जमलेली रक्कम आणि तिचा हिशेब मोबाइलवर टाकायचा, आणि शेवटी रुग्णालयाला पैसे पाठवताना कशासाठी देतोय ते लेखी कळवायचं.

गेल्या जुम्म्याला मी बाकावर हे बोललो. व्हिडिओ दाखवणारा गप्प बसला. ज्यानं चोचले म्हटलं होतं त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "पावती मिळते का?" मिळते म्हणालो. "मग नरसीपर्यंत मी येतो, पुढं माझे गुडघे नाहीत."