वही कोणाच्या हातीं?

आमचा लोहार, सुतार, विणकर बंधु मालांत जीव ओततो, पण उधारी डोक्यांत ठेवितो. मोठा खरीददार सहा सहा महिने पैसा अडकवितो आणि आम्ही पुन्हां त्याच्याच दारीं उभे! दैवाला बोल लावणें आम्हांस पसंत नाहीं. सन २००६ च्या कायद्याप्रमाणें, करार कांहींही असो, माल घेतल्यापासून ४५ दिवसांचे आंत लहान कारखानदाराचा पैसा चुकता झाला पाहिजे. न झाल्यास बँकदराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज. (आजवर चक्रवाढ भरीत आलों ते आम्ही!) मात्र उद्यम नोंदणी आधींची हवी, आणि माल पोंचल्याची तारीखवार सही हवी. कुलकर्ण्याच्या लेखणीनें आमचे आजे नाडले गेले. आतां घरांतील शिकलेल्या मुलीच्या हातीं वही द्या. आज रात्रींच तिला मागील येणें मांडूं द्या.