हौसेची परीक्षा

‘हौसेला मोल नसते’ असे आपण म्हणतो. हौशी नट, हौशी गवई म्हटला की, श्रोते आधीच क्षमा करून मोकळे होतात! अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्याला मात्र परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. मग तो आपले यंत्र खुशाल उघडतो, नवेही बांधतो.

शेजारीच २७ मेगाहर्ट्झचा ‘सिटिझन्स बँड’ आहे. १९५८ साली तो सामान्य नागरिकांना मिळाला. ट्रकवाल्यांचा तर फारच लाडका. तेथे परीक्षा नाही; १९८३ पासून वैयक्तिक परवानाही लागत नाही. पण साध्या एएम संचाला मर्यादा चार वॅटची, आणि ती वाढवणे बेकायदा.

गंमत पाहा. परवानाधारक हौशाने नागरिकांचा संच बदलून आपल्या २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणला, तर चालते. ट्रकवाल्याने हौशांचा संच २७ वर आणून वापरला, तर कायदेभंग. पेचकस तोच, डागही तोच!

वरवर हा अन्याय वाटतो. पण या लहरी म्हणजे चाळीतला सामाईक नळ. एकाने तोटी जास्त फिरवली की दुसऱ्याची बादली कोरडी! म्हणून कायदा आधी विचारतो, ‘तुझ्या करामतीने शेजाऱ्याचे काय बिघडेल, हे तुला कळते का?’

हौसेला मोल नसेल. विश्वासाला मात्र असते.