भरलेली बाटली

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही. गेल्या जूनमध्ये मी त्याला शाळेतून आणले, तर पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच. ताईला विचारले. ओट्याकडे तोंड करूनच ती म्हणाली, "मीच सांगितलंय, पिऊ नकोस म्हणून. तिथे त्याला बाथरूमला कोण नेणार रे?"

तरीही चड्डी ओली व्हायचीच. शिवाय शौचाला आठवड्यातून दोनदा, तेही रडत-कुंथत. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, असे आम्ही समजत होतो. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि दोन्हींचे मूळ एकच असल्याचे सांगितले. या मुलांची हालचाल कमी, आतडी मंद, चावता येत नाही म्हणून खाणेही बिनचोथ्याचे. त्यात पाणी तोडले की मळ घट्ट होतो. साठलेला मळ शेजारच्या मूत्राशयावर दाबतो आणि लघवी रोखता येत नाही. म्हणजे ओले होऊ नये म्हणून केलेला उपायच ओले करीत होता!

मळ मऊ करणारे औषध आले, पाणी वाढले. जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, तेव्हा दहा मिनिटे बसवायचे ठरले. पण कमोडवर त्याचे पाय लोंबकळत. पडण्याच्या भीतीने अंग अधिकच ताठ होई. भावजींनी पायांखाली पाट ठेवला, भिंतीला दांडी बसवली. दोन महिन्यांत दिवसाची चड्डी बहुधा कोरडी राहू लागली. रात्री डायपर अजून लागतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

शाळेचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. सरकारमान्य शाळेची इमारत आणि सोयी अशा मुलांना वापरता याव्यात, असेही तो कायदा म्हणतो. या शाळेने दारात उतार बांधला. स्वच्छतागृहाची वीतभर पायरी मात्र तशीच आहे. मुख्याध्यापिका भल्या बाई; त्यांनी सुचवले, "डायपरच घालून पाठवा ना." नऊ वर्षांच्या, सगळे समजणाऱ्या मुलाला!

आम्ही मागतो आहोत ती पायरी काढणे, एक दांडी, आणि मधल्या सुटीत हात द्यायला एक माणूस. तोवर ताई रोज साडेदहाला शाळेत जाते. त्यासाठी तिने सकाळच्या शिकवण्या सोडल्या. बाटली आता अर्धी रिकामी येते.