बॅटमनचं यंत्र कोण मोडणार?

'द डार्क नाइट'मध्ये जोकरला शोधण्यासाठी बॅटमन गॉथममधल्या प्रत्येक मोबाइलचा हेर करून टाकतो. ल्युशस फॉक्सला हे पटत नाही. तो एकदाच मदत करतो आणि राजीनाम्याची भाषा बोलतो. जोकर सापडतो, फॉक्स स्वतःचं नाव टाइप करतो, यंत्र नष्ट होतं. बॅटमन किती सच्चा, म्हणून आपण खूश.

हा सिनेमा अमेरिकेत १८ जुलै २००८ला आला. त्याच्या आठच दिवस आधी जॉर्ज बुश यांनी 'फायसा' दुरुस्ती कायद्यावर सही केली होती. परदेशांत राहणाऱ्या बिगर-अमेरिकी लोकांवर, प्रत्येकासाठी वेगळं वॉरंट न काढता, पाळत ठेवायची मुभा त्यानं दिली. आधीच्या पाळतीत सरकारला साथ देणाऱ्या टेलिफोन कंपन्याही खटल्यांतून सुटल्या. सिनेटर ओबामांनी बाजूनं मत दिलं.

कायद्याला मुदत होती. २०१२मध्ये ती ओबामांनी वाढवली, २०१८मध्ये ट्रम्पनी, २०२४मध्ये बायडननी. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष इथे मात्र बहुमत जमवतात.

सुपरहिरोपटांचं राजकारण नेमकं इथे फसवं आहे. माणूस चांगला असेल तर अमर्याद सत्ता चालते, काम झालं की तो ती परत करतो, असं ते शिकवतात. खुर्चीवरचा माणूस चार वर्षांनी बदलतो, यंत्र तिथेच राहतं.

आणि मार्व्हल की डीसी यावर भांडताना एवढं ध्यानात असू द्या: त्या कायद्यातले 'परदेशी' म्हणजे तुम्ही-आम्हीच. आपल्याला तिथे मतही नाही.